ड्रममधला रशिया

माझ्या व्याह्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात नाही. दापोलीपासून राजापुरापर्यंत कोणीही शोधून आणावा, मी त्याला माझ्या बागेतली आंब्याची पहिली पेटी फुकट देईन. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. तोंडावर बोललो आहे, आणि त्यांनी मान हलवून कबूल केलं आहे. मला कोणी भित्रा म्हटलं असतं तर मी जन्मात त्याच्या ओटीवर पाय ठेवला नसता. व्याही मात्र हसले आणि म्हणाले, आणखी दोन-तीन भीत्या तुमच्या लक्षात आलेल्या नाहीत, सांगू का?

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. चिपळूणकडच्या एका हायस्कुलात जन्मभर इतिहास शिकवला. काडीसारखा उंच माणूस, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं, आणि खिशाला शिट्टी. ही शिट्टी पी.टी.च्या मास्तरांची नव्हे. उद्या कुठे दरड कोसळली आणि आपण तिच्याखाली सापडलो तर आवाज बाहेर जावा म्हणून. एस.टी.त बसताना ते संकटकाळी बाहेर पडायच्या दरवाजाशेजारीच बसतात. ती जागा मिळाली नाही तर गाडी सोडतात आणि पुढची धरतात. एकदा हातखंब्याच्या अलीकडे त्यांच्या मनात आलं की हा दरवाजा वेळेला उघडतो की नाही हे कोणी कधी बघितलंच नाही. त्यांनी बघितलं. तो उघडला. चालत्या गाडीतून एका बाईची कोंबड्यांची पाटी खाली गेली आणि अर्धी गाडी कोंबड्यांमागे रस्त्यावर धावली. कंडक्टर जे बोलला ते मी इथे सांगत नाही. व्याही मात्र घरी आले ते समाधानात. "उघडतो," एवढंच म्हणाले.

नारळाच्या बागेत ते हेल्मेट घालून फिरतात. स्कूटर त्यांच्याकडे नाही, कधी नव्हती, चालवता येत नाही. हेल्मेट फक्त नारळासाठी. आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या दगडी माळावर, चालताना दर चार पावलांवर टाळी वाजवतात, फुरशासारखा विषारी साप बाजूला व्हावा म्हणून. मी सांगितलं, व्याही, फुरशाला टाळी ऐकू येत नाही. ते म्हणाले, मला येते ना. आणि टाळी वाजवत पुढे गेले. गावातली पोरंटोरं त्यांना बघून भजनाची वेळ झाली असं म्हणायला लागली.

हे असे ते पहिल्यापासून होते की काय, ठाऊक नाही. सून म्हणते, वाशिष्ठीच्या पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हापासून झाले. व्याही तेव्हा माळ्यावर बसून होते आणि खाली त्यांच्या नजरेसमोर पुस्तकांचं कपाट आडवं होऊन दारातून निघून गेलं. पाणी ओसरलं तरी तो माणूस माळ्यावरून पुरता उतरला नाही. आता त्यांच्या घरात सगळं वर आहे. लोणच्याची बरणी वर, अंथरूण वर, देवही वर. चहा पाहिजे तर साखरेसाठी शिडी लावायची. आणि जे सगळ्यांत मोलाचं ते एका निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, फिरकीचं झाकण घट्ट लावून. प्रवासाला निघाले की ड्रम बरोबर. कंडक्टर विचारतो, यात काय, काजू काय? हे म्हणतात, "रशिया."

खोटं नाही. त्या ड्रममध्ये रशियाच आहे, वह्यांत लिहिलेला. ते शाळेत दर वर्षी एक प्रश्न घालायचे: रशियासारख्या शेतीवर जगणाऱ्या देशात कारखाने का आले, कारणे लिहा. पुस्तकात सहा कारणं होती. पोरं सहा लिहून मोकळी व्हायची. व्याह्यांना रात्रंदिवस वाटायचं की सहा कमी आहेत. एवढा मोठा देश, जिथे तिथे गहू आणि राय नावाचं धान्य, नांगराच्या मागे चालणारी माणसं, तो देश सहा कारणांनी धुराड्यांकडे वळेल होय? म्हणून त्यांनी आपली वेगळी वही सुरू केली. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा कारणं एकेचाळीस झाली होती. गोव्याच्या पुढे हा माणूस कधी गेलेला नाही, पण आमटीत मीठ जास्त झालं तरी रशियातल्या कुठल्या तरी जमीनदाराची गोष्ट सांगायला लागतो. मी तिसरीत शाळा सोडली, सही तेवढी घोटून घोटून शिकलो. तरी सांगतो, त्या देशातल्या कुळवाड्यांची हकीकत मला माझ्या भाऊबंदांच्या हकिकतीपेक्षा जास्त पाठ आहे.

आता भीतीचं सांगतो, म्हणजे माझ्या.

आमच्या गावावर मोठा सडा आहे. बाहेरचा माणूस बघतो तर त्याला काळा ओसाड दगड दिसतो. तो दगड पावसाळाभर पाणी पितो आणि मग खालच्या विहिरींना वैशाखापर्यंत थोडं थोडं सोडत बसतो. माझी कलमं, आमची भातं, गुरांच्या पाण्याची डोण, सगळं त्या दगडाच्या जिवावर. सड्याचा आमच्या वाट्याचा तुकडा सामाईक आहे, चौदा हिस्सेदारांचा. गेल्या वर्षी सड्यावर माणसं आली. पंख्यासारखं एक यंत्र आकाशात घोंगावत फिरवलं, आमच्या गाभण गाईनं तीन दिवस चारा सोडला. जांभ्या दगडावर तांबड्या रंगाच्या खुणा केल्या आणि गेली. मागून समजलं, कारखाना येणार. कसला, ते धड कोणी सांगेना. कोणी म्हणे औषधांचा, कोणी म्हणे तेलाचा. मी रोज सकाळी विहिरीत वाकून बघायला लागलो. पाणी होतं तसंच होतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकायचो.

मग संमतीचा कागद आला. चौदा सह्यांशिवाय तो पुरा होत नव्हता. मुंबईला असलेल्या सगळ्या हिस्सेदारांनी झटपट केल्या, गावातल्यांनी हां-हूं करत केल्या. तेरा झाल्या. चौदावी माझी. मी म्हटलं, बघू. या एका शब्दावर मी चार महिने काढले. मी हट्टी आहे हे गावाला माहीत आहे. मला कसली भीती वाटते हे मात्र कोणाला माहीत नव्हतं, आणि मी सांगणारही नव्हतो.

कारण दुसरी बाजू माझ्याच घरात होती. माझा मुलगा मुंबईला एका गोदामात कामाला, एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो. लग्नाला सहा वर्षं झाली, सून इथे माझी पेज शिजवते, तो तिकडे. कारखान्यात हिस्सेदारांच्या मुलांना नोकरी असं कागदावर लिहिलं होतं. तो फोनवर म्हणायचा, बाबा, एक सही करा, मी घरी येतो. सून फोन माझ्याकडे देऊन आत जायची. ती एकदाही काही बोलली नाही. ती बोलली असती तर मला राग तरी धरता आला असता.

मुलानं मग सासऱ्यांना गाठलं. तुम्ही शिकलेले, बाबांना समजवा. व्याही ड्रम घेऊन हजर. म्हणाले आठ दिवस राहतो. सकाळी पेज झाली की ओटीवर झाकण फिरवायचे, वही काढायचे आणि मला समजवायला बसायचे. जगाच्या पाठीवर माणसाला सही करायला लावण्यासाठी कोणी इतकी वाईट तयारी केली नसेल.

पहिलं कारण, म्हणाले, लढाई. रशिया आपल्याच किनाऱ्यावर लढाई हरला. समोरच्यांची जहाजं वाफेवर आली, यांची शिडावर. समोरच्यांचा दारूगोळा समुद्र ओलांडून आधी पोचला, यांचा आपल्याच देशातून बैलगाडीवरनं चिखलात रुतत येत होता. तेव्हा राजाला समजलं की गहू कितीही पिकवा, रूळ आणि लोखंड नसेल तर शेजारी गिळणार. मग कुळवाड्यांना वेठबिगारीतून सोडलं. सोडलं म्हणजे काय, तर जमीन दिली ती हप्त्यावर आणि तीही एकेकाला नव्हे, गावाला मिळून, सामाईक. कोणाला एकट्याला विकता येत नाही, गावाच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नाही. पोट भरेना, म्हणून पुरुष थंडी पडली की शहरात गिरण्यांत जायचे, पैसे घरी पाठवायचे, आणि मागे बायका शेत बघायच्या.

मी म्हटलं, "व्याही, ह्यो रशिया कुठल्या तालुक्यात येतो?"

ते हसले नाहीत. त्यांनी पान उलटलं. सरकारला रेल्वे टाकायची होती, परदेशातून यंत्रं आणायची होती, त्यासाठी गहू जहाजात भरून बाहेर विकायचा होता. दुष्काळ पडला, माणसं पाला उकळून खायला लागली, तरी बंदरातून जहाजं गेली. पुढे राजा गेला, दुसरे आले, त्यांनीही तेच केलं आणि जास्त घाईनं केलं, कारण त्यांनाही शेजाऱ्यांची भीती. व्याही बोटांवर मोजत एकेक कारण सांगत होते आणि आवाज बारीक होत चालला होता. शेवटी वही मिटून म्हणाले की तसं बघायला गेलं तर ही एकेचाळीसही कारणं खोडून खाली एकच लिहिता येईल, भीती. ज्यांच्या हातात देश होता ते घाबरले होते.

मला समजवायला आलेला माणूस स्वतःच पांढराफटक होऊन बसला. मी त्या दिवशी जेवलो नाही. गहू घेऊन जाणारी जहाजं डोळ्यांपुढून हलेनात. दुसऱ्या दिवशी मी त्यांना एकच विचारलं. ते धुराडं बांधायचं ठरलं तेव्हा त्या कुळवाड्याला कोणी विचारलं काय, की बाबा रे, तुला काय वाटतं?

व्याह्यांनी वही उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. दुसरी काढली. दोन दिवस तो माणूस ओटीवर वह्या पसरून बसला होता, हेल्मेट न घालता माडाखाली जाऊन आला तरी त्याला समजलं नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पस्तीस वर्षं हा प्रश्न घातला, व्याही. कुळवाड्याला विचारलंच नाही असं एखाद्या पोरानं लिहिलं असतं तर मी चूक दिली असती." आणि मग, जावयाला दिलेला शब्द आठवून असेल, ते म्हणाले की तरीही तुम्ही सही करावी, माझी लेक सहा वर्षं वाट बघते आहे. मी म्हटलं, बघू.

गावाला आता माझं 'बघू' पुरे झालं होतं. गावकार, म्हणजे गावचा पहिला मानकरी, माझाच थोरला चुलतभाऊ. त्यानं ठरवलं की देवाला कौल लावू, मग हा म्हातारा काय बोलतो बघू. आमच्याकडे कौल लावतात तो असा. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे आपलं म्हणणं मांडतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवानं दिलेला कौल आमच्या गावात कोणी मोडलेला नाही. मीही मोडला नसता. म्हणून त्या सकाळी देवळाच्या पायऱ्या मी एकेक मोजत चढलो. उजवी पडली तर पाण्याचं भय, डावी पडली तर सुनेच्या तोंडाकडे कसं बघू याचं. व्याही माझ्या मागे होते. सून खांबाला टेकून बायकांत उभी होती.

गुरवानं पाकळ्या लावल्या आणि सुरू केलं. बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली आहेत. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. गावात कारखाना येतो म्हणतात, तो सुखरूप येऊ दे. व्हय म्हाराजा. मुंबईची पोरं घरी येऊ देत. व्हय म्हाराजा. सड्याचं पाणी होतं तसं राहू दे, कलमांचा मोहोर जळू नये, विहिरी भरलेल्या असू देत. हे सगळ्यांत मोठ्यानं आलं, व्हय म्हाराजा. तर ह्या चौदाव्या सहीचा काय तो कौल दे म्हाराजा.

आणि आम्ही बसलो पाकळ्यांकडे बघत. एक घटका गेली. एकही पाकळी हलेना. गुरवानं घंटा वाजवली, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. ऊन सभामंडपाच्या मधोमध आलं. कोणी खोकलं तरी लोक दचकायचे. देव बोलत नाही असं आमच्या गावात मी कधी बघितलं नव्हतं. म्हाताऱ्या बायका हात जोडून पुटपुटायला लागल्या, कोणाची तरी काही तरी चूक झाली, कोणाची झाली. आणि एकेक मान माझ्याकडे वळायला लागली. माझ्या पाठीचा घाम धोतरापर्यंत आला.

तेव्हा माझ्या मागून व्याही उठले.  खांबाला धरून ते गुरवाला म्हणाले की भाऊ, मी परका माणूस, पण आयुष्यभर प्रश्न काढायचंच काम केलं. तुम्ही देवाला एकात चार विचारलेत. कारखाना येऊ दे आणि पाणी राहू दे, यातल्या कशाला त्यानं होय म्हणावं?

गावकार बसल्या जागेवरून म्हणाला, "मास्तर, तुमी लेकीकडचं पाहुणं. पाहुण्यानं देवळात प्रसाद खावा नि गप ऱ्हावा."

काही जण हसले. व्याही खाली बसतील असं मला वाटलं. एस.टी.च्या दारापाशी जागा नाही म्हणून गाडी सोडणारा माणूस. पण ते बसले नाहीत. कोणाकडे न बघता ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सही ह्यांची आहे. देवाला विचारलंत, ह्यांना कोणीच विचारलं नाही. व्याही, तुम्हाला काय वाटतं?"

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. आजवर पुरात पोहलो, कोर्टात उभा राहिलो, कोणापुढे मान खाली घातली नाही. उत्तर माझ्याकडे चार महिने तयार होतं, ठसक्यात द्यायचं. ते तोंडातून आलंच नाही.

"मला भय वाटतं," मी म्हटलं. "सही केली तर पाणी जाईल म्हणून वाटतं. नाय केली तर माझं घर रिकामं होईल म्हणून वाटतं. पण घर रिकामं झालं तर माझंच होईल. पाणी गेलं तर सगळ्यांचं. मी सही करत नाय."

मागून कोणा म्हाताऱ्यानं सवयीनं 'व्हय म्हाराजा' म्हटलं. कोणी हसलं नाही. लोक उठले, एकेक करून घरी गेले. पाकळ्या संध्याकाळी सुकून गळल्या असं गुरव सांगत होता. सुकून गळलेल्या कौलात धरत नाहीत. व्याही मात्र बराच वेळ बायकांकडच्या खांबाशी उभे होते, कारण तोच खांब सोडून त्यांची लेक निघून गेली होती. मला म्हणाले, आता ती माझ्याशी बोलायची नाही. मी म्हटलं, माझ्याशी तर ती आधीपासूनच बोलत नव्हती.

गणपतीला मुलगा आला. भांडला नाही. बाबा, मी तिला घेऊन जातो, एवढंच म्हणाला. कुठे तरी लांब, दोघांपुरती खोली बघितली होती. जाताना सुनेनं मला पेजेला तांदूळ किती, पाणी किती ते दाखवलं, मीठ कुठल्या डब्यात ते सांगितलं. सहा वर्षांत ती माझ्याशी इतकं कधी बोलली नव्हती. मग पाया पडली. वडिलांच्याही पडली. व्याह्यांनी खिशातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली, आणि तिनं ती पर्समध्ये ठेवली.

कागद अजून तेरा सह्यांचाच आहे. सड्यावरच्या तांबड्या खुणा एका पावसात फिकट झाल्या, पुसल्या नाहीत. लोक म्हणतात, म्हाताऱ्याच्या सहीवाचून अडणार आहे थोडंच, वरून कायद्यानं आणतील. आणतीलही. भाऊबंदांपैकी दोघं-तिघं मला बघून वाट बदलतात. मी बदलत नाही, मी त्याच वाटेनं जातो, पण घरी आल्यावर धाप लागते.

व्याही दर पंधरा दिवसांनी येतात, ड्रम घेऊन. पहिल्या खेपेला मी त्यांना सरळ विचारलं. मला आडून बोलायची सवय नाही. म्हटलं, लेक आता इथे नाही, तुम्ही कशाला एवढ्या लांब येता? व्याह्यांनी पुष्कळ वेळ झाकण फिरवलं, उघडलं नाही, नुसतंच फिरवलं.

"तिकडे एकट्याला जास्त भीती वाटते," ते म्हणाले.

मी पेज वाढली. तांदूळ कमी पडला होता, पाणीच जास्त होतं. त्यांनी दोनदा घेतली. आता दुपारभर आम्ही ओटीवर बसतो. ते त्यांच्या रशियातलं काही सांगतात, मी त्यात खोट काढतो. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की दोघंही बोलायचं थांबतो. गाडी पुढे निघून गेली की पुन्हा सुरू करतो. कुठे थांबलो होतो ते मात्र दोघांपैकी कोणालाच आठवत नाही.